दर आठवड्याला वाजणारी घंटा

बंगळूरमध्ये ‘क्लब’ हा शब्द उच्चारला की जुन्या मंडळींना हटकून विन्स्टन चर्चिलची उधारी आठवते. ऐन तारुण्यात लष्करी अधिकारी म्हणून चर्चिलसाहेब १८९६ मध्ये या गावी आले, पोलो खेळले, गुलाब लावले, पुस्तके वाचली आणि जाताना क्लबचे तेरा रुपये बुडवून गेले. १८९९ सालच्या थकबाकीदारांच्या यादीत त्यांचे नाव आजही बंगलोर क्लबमध्ये दाखवले जाते. १८६८ साली सुरू झालेला हा क्लब गोऱ्या अधिकाऱ्यांचा. एतद्देशीयांना तिथे मज्जाव म्हणून पुढे म्हैसूरचे दिवाण सर एम. विश्वेश्वरय्या यांच्या पुढाकाराने १९१७ मध्ये सेंच्युरी क्लब उभा राहिला. हिरवळ, बिलियर्ड्सचे टेबल, उंची लाकडी फर्निचर आणि दारावरचा रुबाबदार पहारेकरी हे या शहरातल्या क्लबचे परिचित रूप.

याच शहरात आणखी एका जातीचे क्लब आहेत. त्यांच्याकडे बहुधा स्वतःची हिरवळ नसते. ते कुणा हॉटेलच्या सभागृहात, शाळेच्या वर्गात किंवा भाड्याच्या हॉलमध्ये भरतात. तिथेही उधारी असते, पण ती वेगळी. सभासदाचा वाढदिवस झाला, मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला, क्रिकेटचा सामना जिंकला, की त्याने उठून आनंदाप्रीत्यर्थ डब्यात पैसे टाकायचे. उशिरा आला, तर दंड भरायचा. दंड वसूल करणाऱ्या पदाधिकाऱ्याला ‘सार्जंट ॲट आर्म्स’ असे भारदस्त नाव आहे. त्याचे काम मात्र लग्नात बूट पळवणाऱ्या मेव्हणीच्या जातीचे. हसत हसत खिसा रिकामा करायचा.

हे रोटरीचे क्लब. लायन्स त्यांचे धाकटे भावंड. आपल्याकडे मुंबई-पुण्यापासून सांगली-बेळगावपर्यंत चौकातल्या एखाद्या पाणपोईवर, स्मशानभूमीतल्या बाकावर किंवा शाळेच्या भिंतीवर दातेरी चाकाचे चिन्ह आपण पाहिलेले असते. चाक पाहतो आणि पुढे जातो. या चाकामागे दर आठवड्याला भरणारी एक बैठक आहे आणि तिथे नेमके काय चालते, याची बाहेरच्याला फारशी कल्पना नसते. ‘श्रीमंतांचे जेवण, दुसरे काय!’ हा सर्वसाधारण शेरा. तो सगळा खोटा नाही. पण सगळा खराही नाही.

चौघांची बैठक

२३ फेब्रुवारी १९०५ च्या संध्याकाळी शिकागोतल्या एका कचेरीत चार माणसे जमली. पॉल हॅरिस हा वकील, सिल्व्हेस्टर शील कोळशाचा व्यापारी, गुस्टाव्हस लोअर खाणींचा इंजिनीअर आणि हायरम शोरी शिंपी. खेड्यातून मोठ्या शहरात आलेल्या हॅरिसला एकटे वाटत असे. ओळखी होत्या, पण मैत्र नव्हते. वेगवेगळ्या धंद्यांतल्या माणसांनी आठवड्याला भेटावे, आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत बसावे, असे ठरले. फिरत्या बैठकांवरूनच ‘रोटरी’ हे नाव पडले. एका धंद्याचा एकच सभासद घ्यायचा, असाही नियम होता. त्यामुळे दोन सराफ एकमेकांकडे वाकड्या नजरेने पाहत बसण्याचा प्रश्नच मिटला.

सुरुवातीला एकमेकांना धंदा मिळवून देणे हाच हेतू होता, हे सांगायला कुणी लाजू नये. पण नुसत्या देवघेवीवर मंडळ टिकेना. १९०७ मध्ये या मंडळींनी पहिले लोककार्य हाती घेतले, ते शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह उभारण्याचे. सेवेचा श्रीगणेशा संडासापासून झाला, हे आपल्याकडच्या उद्घाटनप्रिय मंडळींनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

भारतात पहिला रोटरी क्लब कलकत्त्याला १९१९ मध्ये निघाला. मुंबईत १९२९ मध्ये आणि बंगळूरला १९३४ मध्ये. बंगळूरच्या त्या पहिल्या क्लबचे ‘हाऊस ऑफ फ्रेंडशिप’ लॅव्हेल रोडवर आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणींचा परवाना मिळवणाऱ्या मायकल लॅव्हेल नावाच्या आयरिश शिपाईगड्याचे नाव या रस्त्याला मिळालेले. सोने काढणारे केव्हाच गेले, खाणीही २००१ मध्ये बंद झाल्या. रस्त्यावर आता बड्या कंपन्यांच्या कचेऱ्या आणि महागडी उपाहारगृहे आहेत. शहर वाढले तसे क्लबही वाढले. इंदिरानगर, पीण्या, मिडटाऊन अशी एकेका भागाची नावे त्यांनी घेतली. एकाच शहरात इतके क्लब असण्याचे एक कारण बंगळूरची वाहतूक हेही असावे. संध्याकाळी सातला या टोकाहून त्या टोकाला पोचणे म्हणजे परगावी जाणे.

सात वाजता

बैठकीचा साचा ठरलेला असतो. अध्यक्षांच्या गळ्यात पदकांची जाड माळ असते, तिला ‘कॉलर’ म्हणतात. समोर पितळी घंटा. ती वाजली की गप्पा थांबतात, सगळे उठून राष्ट्रगीत म्हणतात. मग पाहुण्यांची ओळख. जगातल्या कोणत्याही रोटरी क्लबचा सभासद दुसऱ्या कोणत्याही क्लबच्या बैठकीला जाऊन बसू शकतो. त्यामुळे कामानिमित्त बंगळूरला आलेला कोल्हापूरचा कारखानदार किंवा नाशिकचा डॉक्टर संध्याकाळी अनोळखी माणसांत बसून सांबार-भात जेवू शकतो. आपल्या क्लबचा छोटा झेंडा तो देतो, यांचा घेतो. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून इथे स्थायिक झालेल्या कुटुंबांना तर ही शहराची बाजूची दारवाट ठरते. कन्नड येत नसते, शेजारी बोलायला वेळ नसतो, गणपती आणि दिवाळीपुरते मंडळ असते. आठवड्याची ही खुर्ची मात्र नक्की असते.

बैठकीत इंग्रजी चालते, विनोद बहुधा कन्नडमध्ये होतात. चिटणीस सूचना वाचतात. रविवारी अमुक शाळेत डोळे तपासणी, बुधवारी रक्तदान, त्यासाठी माणसे हवीत. वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस. दंडवसुली. मग पाहुण्या वक्त्याचे वीसेक मिनिटांचे भाषण. वक्ता कधी हृदयरोगतज्ज्ञ, कधी पोलीस अधिकारी, कधी साप पकडणारा. प्रश्न विचारले जातात, आभार मानले जातात, पुन्हा घंटा वाजते आणि मग जेवण.

शिकागोच्या मंडळींनी एकमेकांना पहिल्या नावानेच हाक मारायची रीत पाडली होती. आपल्याकडे ती रुजली, पण आपल्या पद्धतीने. नावापुढे ‘रोटेरियन’ लागले आणि मागे ‘सर’ही राहिले.

पूर्वी हजेरीला फार महत्त्व होते. बैठक चुकली तर ठरलेल्या दिवसांत दुसऱ्या एखाद्या क्लबच्या बैठकीला जाऊन ती ‘भरून काढावी’ लागे. वर्षानुवर्षे शंभर टक्के हजेरीचा अभिमान बाळगणारे, मुलीच्या लग्नाच्या आठवड्यातही परगावच्या क्लबात डोकावून आलेले सभासद जुन्या पिढीत असत. २०१६ मध्ये रोटरीच्या नियम ठरवणाऱ्या परिषदेने हे बंधन सैल केले. महिन्यात निदान दोनदा भेटले तरी चालते, कसे भेटायचे तेही क्लबने ठरवावे. २०२० मध्ये करोना आला आणि बैठका संगणकाच्या पडद्यावर गेल्या. घंटा तिथेही वाजवली जात असे. जेवण मात्र ज्याचे त्याच्या घरी, आणि तेव्हा अनेकांना कळले की आपण केवळ जेवायला जात नव्हतो.

पाच दिवसांचे आयुष्य

एवढ्या सगळ्या सोपस्कारातून समाजाच्या पदरात काय पडते? बंगळूरपुरते बोलायचे तर उत्तराची सुरुवात रक्तापासून करावी लागते.

आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या वाचकांना आठवत असेल, पूर्वी रक्त विकत मिळे. इस्पितळाच्या फाटकाशी रक्त विकणारे लोक उभे असत. दारू, उपासमार, कावीळ यांनी पोखरलेली ती माणसे महिन्यातून कितीदा रक्त देत याची नोंद नसे. ‘कॉमन कॉज’ या संस्थेने केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला आणि दोन वर्षांच्या आत हा धंदा बंद करण्यास सांगितले. १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर देशभर बंदी आली. बंदी घालणे सोपे, पण तेवढे रक्त आणायचे कुठून?

बंगळूरमध्ये या प्रश्नाची तयारी आधीच सुरू झाली होती. १९८४ मध्ये बंगलोर मेडिकल सर्व्हिसेस ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या रक्तपेढीच्या नावात दोन नावे एकत्र आहेत, रोटरी बंगलोर आणि टीटीके. टीटीके म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरमुळे माहीत असलेला उद्योगसमूह. न्यू तिप्पसंद्र भागातली ही पेढी स्वेच्छेने दिलेल्या रक्तावर भर देत आली.

रक्ताची एक पिशवी म्हणजे एक औषध नव्हे, तीन औषधे. यंत्रात फिरवून तिच्यातले घटक वेगळे करतात. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सियसला पाच-सहा आठवडे टिकतात. अपघात, बाळंतपणातला रक्तस्राव, थॅलेसेमियाची मुले यांना त्या लागतात. थॅलेसेमियाच्या मुलाला तर दर दोन ते चार आठवड्यांनी, जन्मभर. प्लाझ्मा उणे तीस अंशाला गोठवून वर्षभर ठेवता येतो. आणि प्लेटलेट? डेंग्यूच्या दिवसांत सगळ्या शहराच्या तोंडी असलेला हा घटक खोलीच्या तापमानाला, सतत हलवत ठेवला तरी जेमतेम पाच दिवस टिकतो. म्हणजे वर्षातून एकदा, पंधरा ऑगस्टला, मोठ्ठे शिबिर घेऊन हजार पिशव्या गोळा केल्या, वर्तमानपत्रात फोटो आला, तरी पुढच्या गुरुवारी कर्करोगाच्या वॉर्डातल्या मुलाला त्याचा काही उपयोग नाही.

आठवड्याच्या बैठकीचा उपयोग इथे कळतो. या कामाला लागतो तो उत्साहापेक्षा पंचांगासारखा नेम. एप्रिल-मे महिन्यात महाविद्यालये बंद, नेहमीचे तरुण रक्तदाते गावी गेलेले. तेव्हा तंत्रज्ञान कंपन्यांच्या आवारात, वसाहतींत, देवळाच्या सभामंडपात शिबिरे लावावी लागतात. कुणाला तरी कंपनीच्या अधिकाऱ्याला पाचव्यांदा फोन करावा लागतो. बिस्किटे, फळांचा रस, चादरी, खाटा यांची व्यवस्था लागते. क्लबमध्ये हे काम वाटून दिले जाते आणि पुढच्या आठवड्यात सगळ्यांसमोर विचारले जाते, ‘काय झाले त्याचे?’ चार लोकांसमोर ‘विसरलो’ म्हणायची लाज वाटते. बरीचशी समाजसेवा या लाजेवर चालते.

रक्तदानाचे नियम या निमित्ताने सांगून ठेवावेत. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ किंवा अधिक. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. आपल्या घरातल्या किती स्त्रिया हिमोग्लोबिनच्या या पायरीवरच मागे फिरतात, हे शिबिराच्या टेबलाशी अर्धा तास उभे राहिले तरी दिसते. ‘द्यायची इच्छा होती हो, पण घेतले नाही,’ असे म्हणत परतणारी गृहिणी हा प्रत्येक शिबिरातला अनुभव. तिच्या हातात निदान लोहाच्या गोळ्यांची आणि पालेभाज्यांची माहिती पडावी, एवढे तरी व्हायला हवे.

त्वचेची पेढी

बंगळूरच्या के. आर. मार्केटजवळ व्हिक्टोरिया रुग्णालय आहे. लॉर्ड कर्झनच्या हस्ते १९०० साली उघडलेले, गोरगरिबांचे. तिथे महाबोधी बर्न्स सेंटर आहे. भाजलेल्या रुग्णांच्या विभागाविषयी कुटुंबाच्या साप्ताहिकात लिहिणे जिवावर येते, पण टाळताही येत नाही. कारण तिथे येणाऱ्या बायका स्वयंपाकघरातून आलेल्या असतात. स्टोव्हचा भडका, गॅसची गळती, नायलॉनच्या साडीचा पदर. काही जणींच्या जबानीत ‘स्टोव्ह भडकला’ एवढेच असते आणि डॉक्टरही पुढे विचारून थांबतात. लहान मुले उकळत्या पाण्याने, सांडलेल्या आमटीने पोळून येतात.

मोठा भाग भाजला की माणूस केवळ वेदनेने जात नाही. त्वचा हे शरीराचे झाकण आहे. ते गेले की शरीरातले पाणी आणि क्षार झिरपून जातात, जंतूंना दार उघडे मिळते. स्वतःचीच त्वचा मांडीवरून काढून जखमेवर लावणे हा उपाय, पण निम्मे अंग भाजले असेल तर काढायची कुठून? अशा वेळी दुसऱ्याची, मृत व्यक्तीची त्वचा कामी येते. ती कायमची चिकटत नाही. दोन-तीन आठवड्यांनी शरीर ती नाकारते. पण तेवढ्या मुदतीत जखमेवर पांघरूण मिळते, जंतुसंसर्ग आटोक्यात राहतो, दुखणे कमी होते, आणि रुग्णाच्या अंगात पुढच्या शस्त्रक्रियेपुरते बळ येते. दोन-तीन आठवड्यांची उसनवारी, पण तेवढ्यात जीव वाचू शकतो.

मुंबईच्या शीव रुग्णालयात अशी त्वचापेढी २००० साली सुरू झाली. नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही ती आहे. कर्नाटकातली पहिली त्वचापेढी बंगळूरच्या व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या आवारात २०१६ मध्ये उभी राहिली. जागा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची, उभारणीला रोटरी आणि आशीर्वाद ही पाइप बनवणारी कंपनी. नावात या तिघांचाही उल्लेख आहे. सरकारकडे रुग्णालय होते, रुग्ण होते, डॉक्टर होते. शीतकपाटे, यंत्रे आणि दात्याच्या घरी जाण्याची सोय यासाठी बाहेरून हात लागला. अशा कामात क्लब शोभतो, असे म्हणावेसे वाटते. स्वतःचे वेगळे इस्पितळ काढून पाटी लावण्यापेक्षा चालत्या इस्पितळाची उणीव भरून काढण्यात शहाणपण आहे.

त्वचादान कसे होते, याविषयी घरोघर गैरसमज आहेत. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत पेढीला कळवावे लागते. पथक घरी किंवा रुग्णालयात येते. मांड्या, पाय आणि पाठ यांवरून त्वचेचा अगदी पातळ, वरचा थर काढला जातो, सगळी त्वचा सोलली जात नाही. साधारण पाऊण तासाचे काम. रक्त वाहत नाही, चेहऱ्याला हात लागत नाही, त्या जागी पट्टी बांधून देह परत सोपवला जातो. अंत्यसंस्काराला कोणतीही अडचण येत नाही. दाता अठरा वर्षांवरचा हवा, वरची वयोमर्यादा नाही. रक्तगट जुळावा लागत नाही. एचआयव्ही, ब किंवा क प्रकारची कावीळ, त्वचेचा कर्करोग किंवा त्वचारोग असेल तर त्वचा घेत नाहीत. काढलेली त्वचा ग्लिसरॉलमध्ये, ४ ते ८ अंशाला ठेवली तर पाच वर्षांपर्यंत वापरता येते.

अडचण विज्ञानाची नाही, त्या सहा तासांची आहे. घरात माणूस गेलेला. बायका रडताहेत, कुणी भटजींना फोन करतोय, कुणी पुण्याहून निघालेल्या भावाची वाट पाहतोय. अशा वेळी ‘पेढीला कळवूया का?’ हे वाक्य कुणी उच्चारायचे? सून म्हणाली तर ‘बाहेरची’ ठरते. मुलाला सुचत नाही. बहुतेक वेळा ते वाक्य उच्चारतो तो घरचा नसलेला पण जवळचा एखादा माणूस. शेजारी, फॅमिली डॉक्टर, मित्र. आणि त्याला ते सुचते कारण कधीतरी, एखाद्या संध्याकाळी, जेवणाआधीच्या वीस मिनिटांत एका प्लास्टिक सर्जनचे भाषण त्याने ऐकलेले असते. त्या भाषणाला चाळीस जण असतील, तर तीस जण जेवणाचा विचार करत असतील. उरलेल्या दहांपैकी एकाला तीन वर्षांनी ते आठवले, तरी व्हिक्टोरियातल्या कुणा बाईच्या अंगावर पांघरूण पडते.

डोळ्यांचेही असेच. बंगळूरमध्ये नेत्रदानाची चळवळ दोन मृत्यूंनी घराघरात नेली. अभिनेते डॉ. राजकुमार १२ एप्रिल २००६ रोजी गेले, त्यांचे नेत्र दान केले गेले. त्यांचा धाकटा मुलगा पुनीत २९ ऑक्टोबर २०२१ रोजी अवघ्या ४६ व्या वर्षी हृदयविकाराने गेला. त्याचेही नेत्र घेतले गेले आणि प्रत्येक बुबुळाच्या पारदर्शक पडद्याचे पुढचा आणि मागचा असे दोन थर वेगळे करून चार जणांना दृष्टी मिळाली. त्यानंतर कर्नाटकात नेत्रदानाचे अर्ज भरण्यासाठी रीघ लागली. पण अर्ज भरणे निराळे आणि वेळ आल्यावर फोन करणे निराळे. त्या मधल्या जागेत गावोगावचे लायन्स क्लब काम करतात. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी अमेरिकेतल्या लायन्सच्या अधिवेशनात अंधांच्या बाजूने उभे राहण्याचे आवाहन केले, तेव्हापासून डोळे हे त्यांचे जणू घराणेच झाले. बंगळूरच्या जे. सी. रोड परिसरातले लायन्सचे नेत्र रुग्णालय त्याच परंपरेतले.

दोन थेंब

या क्लबांच्या कामांपैकी जे काम प्रत्येक भारतीय घरापर्यंत पोचले, ते मात्र पाटीवर कुठेच दिसत नाही. ते बाळाच्या करंगळीच्या नखावर शाईने लिहिलेले होते.

१९७९ मध्ये फिलिपाइन्समधल्या मुलांना पोलिओची लस देण्यापासून रोटरीने सुरुवात केली, १९८५ मध्ये ‘पोलिओप्लस’ ही जागतिक मोहीम जाहीर केली आणि १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पोलिओ निर्मूलनाचा संकल्प सोडला. भारतात १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. रविवारच्या त्या बूथवर पिवळ्या टोप्या घालून बसलेले लोक आठवतात? त्यातले बरेचसे रोटरीचे. लस सरकारची, परिचारिका आणि अंगणवाडी सेविका सरकारच्या, पैसा आणि रेटा यांत मोठा वाटा यांचा. २००९ मध्येही देशात ७४१ मुले पोलिओने अधू झाली, जगातल्या एकूण रुग्णांच्या जवळजवळ निम्मी. ‘भारतात हे जमणार नाही’ असे तज्ज्ञ बोलून दाखवत. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात एका चिमुरडीला झालेला पोलिओ हा देशातला शेवटचा ठरला. २७ मार्च २०१४ रोजी आग्नेय आशियाबरोबर भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

खरे श्रेय दारोदार हिंडलेल्या सेविकांचे, हे आधी नोंदवायला हवे. तुटपुंज्या मानधनावर, डोक्यावर ऊन घेत त्या हिंडल्या. क्लबवाल्यांनी एक काम चांगले केले, ते म्हणजे कंटाळले नाहीत.

‘ॲन’ची गोष्ट

वाचक भगिनींच्या मनात एव्हाना प्रश्न आला असेल. शिकागोच्या त्या खोलीत चारही पुरुष, मग बायका कुठे होत्या? त्या पुढची कित्येक वर्षे जेवणाच्या टेबलाशी होत्या. १९१४ मध्ये ह्यूस्टनच्या अधिवेशनाला निघालेल्या आगगाडीत एका सभासदाच्या पत्नीला, तिचे नाव ॲन, ‘रोटरी ॲन’ म्हणून सगळ्यांनी गौरवले आणि ते नाव समस्त पत्नीवर्गाला चिकटले. भारतात तर ते इतके रुजले की सभासदाची बायको ‘ॲन’ आणि मुले ‘ॲनेट’. सुलोचनाबाई असोत की भाग्यम्मा, क्लबच्या निमंत्रणपत्रिकेवर त्या ॲनच! मँचेस्टरला १९२४ मध्ये पत्नींनी स्वतःचे ‘इनर व्हील’ काढले आणि शाळा, दवाखाने, शिवणवर्ग यांचे भरीव काम केले.

सभासदत्वाचे दार मात्र बंदच होते. कॅलिफोर्नियातल्या डुआर्ते गावच्या क्लबने १९७७ मध्ये स्त्रियांना सभासद करून घेतले, तर त्या क्लबचीच मान्यता काढून घेण्यात आली. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ४ मे १९८७ रोजी निकाल स्त्रियांच्या बाजूने लागला आणि १९८९ मध्ये रोटरीने जगभरासाठी नियम बदलला. आता बंगळूरच्या क्लबांमध्ये स्त्री अध्यक्ष कॉलर घालून घंटा वाजवतात. त्यांच्या यजमानांना काय म्हणायचे, यावर विनोद बरेच झाले आहेत. एकही फारसा चांगला नाही.

पाटी आणि गाळणी

आता श्रीमंतांच्या जेवणाकडे. सभासदत्व निमंत्रणाने मिळते आणि वार्षिक वर्गणी साध्या नोकरदाराला परवडणारी नसते, हे खरे. जेवणाचा खर्च वर्गणीतून होतो. लोकांकडून कामासाठी आलेले पैसे वेगळ्या खात्यात, बहुधा न्यासात ठेवायचे असतात. ही शिस्त पाळली जाते की नाही हे विचारण्याचा देणगीदाराला हक्क आहे आणि त्याने तो बजावावा. आंतरराष्ट्रीय अनुदान घ्यायचे तर परदेशातला एक क्लब भागीदार लागतो, किमान तीस हजार डॉलरचा आराखडा लागतो आणि हिशेबाची तपासणी कडक असते. २०१४ पासून कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्च करावा लागतो. त्यामुळे बंगळूरसारख्या शहरात पैसा उभा राहणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही.

खरी खोट दुसरीकडे आहे. क्लबचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. अध्यक्ष एका वर्षाचा. प्रत्येकाला आपल्या वर्षात काहीतरी ‘नवे’ करून दाखवायचे असते. मग शाळेत पाणी शुद्ध करणारे यंत्र बसते, पाटी लागते, शाल-श्रीफळ होते, मुले टाळ्या वाजवतात. पुढच्या वर्षी गाळणी बदलायची वेळ येते तेव्हा नवा अध्यक्ष दुसऱ्या शाळेत बाके वाटत असतो. नवी गाळणी बसवल्याची पाटी लावता येत नाही ना! शिवणयंत्रे, चाकाच्या खुर्च्या यांचेही असेच. खुर्ची दिली, पण घराच्या दारात दोन पायऱ्या आहेत हे कुणी पाहिले? जे क्लब एकाच कामाला वर्षानुवर्षे चिकटून राहिले, मग ती रक्तपेढी असो, त्वचापेढी असो की दरवर्षी भरणारे कृत्रिम पायांचे शिबिर, त्यांचीच कामे उरली. बाकीच्यांचे अहवाल उरले.

हर्बर्ट टेलर नावाच्या एका व्यवस्थापकाने १९३२ मध्ये बुडत चाललेली ॲल्युमिनियमच्या भांड्यांची कंपनी सावरताना आपल्या माणसांसाठी चार प्रश्न लिहून काढले होते. बोलतो ते खरे आहे का, सर्वांना न्याय्य आहे का, त्याने स्नेह वाढेल का, सर्वांचे भले होईल का. रोटरीने पुढे ते आपलेसे केले आणि अनेक क्लबांत ते भिंतीवर टांगलेले असतात. भांड्यांच्या विक्रेत्याला उपयोगी पडले ते पाण्याच्या यंत्रालाही लावून पाहायला हरकत नाही.

साडेआठच्या सुमाराला दुसरी घंटा होते. खुर्च्या सरकतात, बाहेरच्या टेबलावर ताटल्या वाजू लागतात. त्याच्या जरा आधी एक कागद हातोहात फिरलेला असतो. वर लिहिलेले असते, रविवार, सकाळी आठ, रक्तदान शिबिर, स्वयंसेवक. खाली कोऱ्या ओळी. डॉक्टर लिहितो, चार्टर्ड अकाउंटंट घड्याळ पाहून लिहितो, बांधकाम व्यावसायिक शेजाऱ्याकडे सरकवतो. बारा नावे झाली की चिटणीस कागदाची घडी घालून खिशात ठेवतात. नऊच झाली तर जेवणाच्या रांगेत तो कागद पुन्हा फिरतो.